अणदूरचा करार आणि न्यूयॉर्कची चाळणी

अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची देवळं दोन आहेत, देव मात्र एकच. वर्षातले सव्वादहा महिने मूर्ती अणदुरात असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. पौष पौर्णिमेची मोठी जत्रा नळदुर्गात भरते, त्यासाठी देव न्यायचा आणि मुदत संपली की परत पोचवायचा. हा व्यवहार तोंडी भरवशावर चालत नाही. दोन्ही गावचे मानकरी बसतात, लेखी करार होतो आणि मगच देव हलतो. तिकडं तुळजापुरात भवानीची मूर्तीही चल आहे. वर्षातून तीनदा तिला सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाची पालखी थेट बुऱ्हाणनगरहून येते आणि तिचा मान तेली समाजाकडं आहे. संबळ कुणी वाजवायचं, पोत कुणी पाजळायचा, छबिन्यात पुढं कोण आणि मागं कोण, हे सगळं ठरलेलं. या मुलखात देव म्हणजे आधी देणंघेणं. श्रद्धा त्यातून उगवते, पण नुसत्या श्रद्धेवर इथं कुणी देवाला हात लावू देत नाही.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या जळकोटातल्या एखाद्या घराचं वर्ष पाहा. चंपाषष्ठीला तळी भरायची, नवरात्रात घट बसवायचे आणि तुळजापूर गाठायचं. लिंगायत शेजाऱ्याच्या सोबतीनं संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. धाराशिवच्या ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा उरूस आला की गलेफ. मन थाऱ्यावर नसलं तर गुरुवारी अक्कलकोट, कुणाला बाहेरची बाधा झालीसं वाटलं तर गाणगापूर, आणि ताप उतरेनाच तर सोलापूरचा दवाखाना, सलाईन लावून. यातलं मुख्य कोणतं आणि पर्यायी कोणतं, असं घरातल्या म्हातारीला विचारलं तर तिला प्रश्नच कळणार नाही. तिच्या लेखी एक धरलं म्हणून दुसरं सुटत नाही.

म्हणून पश्चिमेकडं ज्याला पर्यायी अध्यात्म म्हणतात त्याचं मूळ पूर्वेत शोधणं मला व्यर्थ वाटतं. पर्याय तिथंच जन्माला येतो जिथं एकच अधिकृत वाट असते आणि ती सोडणाऱ्याला शिक्षा असते. आपल्याकडं वाळीत टाकायचे ते रोटीबेटीवरून, सोवळ्याओवळ्यावरून. कोणत्या देवाला गेलास यावरून सहसा कुणी कुणाला जाळलं नाही. युरोपात जाळलं. १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममध्ये जोर्दानो ब्रूनोला खांबाला बांधून पेटवलं, तेव्हा त्याच्यावरच्या आरोपांत विश्व अनंत आहे हे मतही होतं आणि ख्रिस्ताविषयीच्या चर्चच्या शिकवणीला दिलेला नकारही होता. ज्या समाजात असा खांब उभा असतो, तिथं चर्चबाहेरचं प्रत्येक ज्ञान आपोआप गुप्त होतं. गुप्त झालं की त्याचं आकर्षण वाढतं.

या गुप्त प्रवाहाची सुरुवात कुठून धरायची यावर वाद घालता येईल. मी १४६३ धरतो. त्या वर्षी फ्लॉरेन्सच्या कोसिमो द मेडिचीनं आपल्या पदरच्या मार्सिलिओ फिचीनोला प्लेटोचं भाषांतर बाजूला ठेवून आधी हर्मिसच्या नावावरची हस्तलिखितं लॅटिनमध्ये आणायला सांगितलं. म्हाताऱ्या कोसिमोला मरण्यापूर्वी ती वाचायची होती. समजूत अशी की हर्मिस हा मोझेसच्या काळचा मिसरी ऋषी, म्हणजे ख्रिस्ताच्या कितीतरी आधीचं, सगळ्या धर्मांच्या मुळाशी असलेलं सनातन ज्ञान या पानांत आहे. १६१४ साली इझाक कॅझॉबॉन या पंडितानं भाषेवरून दाखवून दिलं की हे लेखन ख्रिस्तानंतरच्या शतकांतलं आहे. पंडितांचा तो विषय तिथं संपला. पण दूर कुठंतरी, फार पूर्वी, निर्मळ ज्ञान होतं आणि ते चर्चनं झाकून टाकलं, ही ओढ संपली नाही. तिला फक्त नवा पत्ता हवा होता. मिसर मावळल्यावर तो पत्ता हिंदुस्थान झाला, मग तिबेट. आपण या गोष्टीत शिरलो ते असे, आधीच रिकाम्या ठेवलेल्या जागेवर.

चर्चनंतर दुसरं दार प्रयोगशाळेनं बंद केलं. फ्रान्झ मेस्मर हा व्हिएन्नाचा डॉक्टर, माणसांच्या अंगातून एक सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि तो अडला की रोग होतो असं सांगे. पॅरिसमध्ये त्याच्या भोवती बायाबापड्यांची आणि उमरावांची झुंबड उडे. १७८४ साली राजानं चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, लाव्हाझिए होते. त्यांनी रोग्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून प्रयोग केले आणि निकाल दिला की प्रवाह वगैरे काही नाही, हा कल्पनेचा परिणाम आहे. समिती बरोबरच होती. पण कल्पनेनं माणूस खरोखर बरा होत असेल तर त्याचं काय, हा प्रश्न तिनं टाकून दिला आणि तो टाकलेला प्रश्न दुसऱ्यांनी उचलला. १८३०च्या दशकात मेस्मरची विद्या अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर पोचली. तिथल्या मेन राज्यातल्या फिनिअस क्विंबी या घड्याळजीनं ती पाहिली आणि पुढं ठरवलं की औषध प्रवाहात नाही, रोग्याच्या विचारात आहे. विचार बदला, शरीर बदलेल. याच सुतावरून पुढं ‘न्यू थॉट’ नावाची चळवळ झाली, आणि आज ज्याला सकारात्मक विचारांची ताकद म्हणून आपल्याकडं शिबिरं भरतात त्याचं गोत्र हे, पतंजली नव्हे.

डच अभ्यासक वॉटर हानेग्राफ यांनी या सगळ्याला नाकारलेलं ज्ञान म्हटलं आहे. चर्चनंही नाकारलेलं आणि विद्यापीठानंही. ही दुहेरी नकाराची जखम लक्षात घेतली की पुढचं बरंच उलगडतं. पर्यायी अध्यात्मवाला एकाच दमात धर्मगुरूला शिव्या घालतो आणि आपलं म्हणणं विज्ञानानं सिद्ध झाल्याचंही सांगतो. त्याला दोन्ही घरांत मान हवा आहे आणि दोन्ही घरांनी त्याला बाहेर ठेवलं आहे. त्यात भर प्रॉटेस्टंट संस्कारांची: पुरोहित नको, मूर्ती नको, मध्ये कुणी नको, मी आणि ग्रंथ. चार्ल्स विल्किन्सचं गीतेचं इंग्रजी भाषांतर १७८५ साली वॉरन हेस्टिंग्जच्या शिफारशीसह लंडनला छापलं गेलं आणि थोरोनं ते वॉल्डन तळ्याकाठी वाचलं. थोरोला गीता भावली यात नवल नाही. नवल वाटायचं तर याचं वाटावं, की गीतेसोबत कीर्तन, पारायण, उद्यापन, ब्राह्मणभोजन यांतलं काहीच तळ्याकाठी पोचलं नाही आणि त्याची उणीवही कुणाला भासली नाही. चाळणी तेव्हाच तयार होती. तिच्यातून ग्रंथ, संवाद आणि श्वास खाली पडत. मानपान, गाणं आणि अंगात येणारी बाई वरच राहत.

या शेवटच्या बाईसाठी पुन्हा नळदुर्गला यायला हवं. १८५३ साली निजामानं काही मुलूख कंपनीकडं दिला, त्यात नळदुर्गचा जिल्हा होता. त्याचा कारभार पाहायला आला कर्नल फिलिप मेडोज टेलर, ठगांवरच्या कादंबरीमुळं आधीच नावाजलेला. तो नळदुर्गच्या किल्ल्यात राहिला, १८५७ पर्यंत या भागात हिंडला, रस्ते आणि तलावांच्या कामांत रमला. मायदेशी परतल्यावर १८६३ साली त्यानं ‘तारा’ ही कादंबरी छापली. नायिका तुळजापूरच्या पुजाऱ्याची मुलगी, बालविधवा. देवीचा ध्यास लागून ती मुरळी होते आणि कथेच्या शेवटी अफजलखानाच्या मुलाशी संसार थाटते. टेलर सहृदय माणूस होता. या मुलखाची उन्हं, ओढे, पायऱ्या, गर्दी त्याला दिसली आणि त्यानं ती प्रेमानं लिहिली. पण तुळजाभवानी त्याच्या लेखी कथेची पार्श्वभूमी राहिली, जिच्या तावडीतून नायिकेला सोडवायचं अशी. तिच्यापासून काही शिकावं असं त्याच्या वाचकांच्या मनातही आलं नसेल.

आणि हे कोणत्या काळात? १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल नावाच्या खेड्यात फॉक्स घराण्यातल्या दोन लहान मुलींनी भिंतीतल्या टकटकीतून मेलेला माणूस आपल्याशी बोलतो असं सांगितलं आणि पाचसात वर्षांत निम्मी अमेरिका टेबलांभोवती हात धरून बसली. टेलर नळदुर्गला कचेरी चालवत होता तेव्हा बोस्टन-न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यांत बायकांच्या अंगात आत्मे येत होते. ज्या बाईला व्यासपीठावर उभं राहून बोलणं शोभत नाही असं समाज मानत होता, ती समाधीत गेली की हजारांपुढं गुलामगिरीवर, लग्नावर, मताधिकारावर बोले, कारण बोलणारी ती नसे, आत्मा असे. अमेरिकी इतिहासकार अ‍ॅन ब्रॉड यांनी या माध्यम-स्त्रिया आणि स्त्रीहक्कांची चळवळ यांचं नातं नीट दाखवलं आहे. आता तुळजापुरात मंगळवारी, पौर्णिमेला जे घडतं ते पाहा. केस मोकळे सोडलेली, गळ्यात कवड्यांची माळ, संबळ चढला की घुमायला लागलेली बाई. घरी सासूपुढं ब्र न काढणारी सून त्या घटकेला सासूला एकेरीत हाक मारते, कुणाचं काय चुकलं ते सांगते, आणि अख्खं घर हात जोडून ऐकतं. मला दोन्हींमागची निकड एकच दिसते. पण न्यूयॉर्कमधल्या बाईचं प्रकरण पर्यायी अध्यात्माच्या इतिहासात पहिल्या प्रकरणात जातं, आणि आमच्या आराधीणीचं, फार तर मानसशास्त्राच्या तळटिपेत.

असो. चाळणी स्वतः बोटीत बसून मुंबईला आली ती १६ फेब्रुवारी १८७९ रोजी. हेलेना ब्लाव्हॅट्स्की या रशियन बाई आणि हेन्री ऑल्कॉट हे अमेरिकी कर्नल. दोघांनी १७ नोव्हेंबर १८७५ रोजी न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी काढली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दयानंदांनी मुंबईत आर्य समाज काढला होता, आणि या दोन संस्था जणू एकाच कामाच्या आहेत असा गैरसमज दोन्हीकडं काही वर्षं टिकला. ऑल्कॉटनं आपल्या आठवणींत एक मजेदार हकिकत लिहून ठेवली आहे. मुंबईत त्यांचं थाटात स्वागत झालं, हारतुरे झाले. ते घडवून आणणारे गृहस्थ म्हणजे आर्य समाजाचे हरिश्चंद्र चिंतामण. काही दिवसांनी त्यांनी पाहुण्यांच्या हातात बिल ठेवलं: घरभाडं, जेवण, घराची डागडुजी, इतकंच काय स्वागताला आणलेल्या खुर्च्यांचं भाडंही. ऑल्कॉट हबकला. पूर्वेकडं ज्ञान वाऱ्यावर वाहतं अशी त्याची कल्पना होती. हरिश्चंद्रांच्या वागण्याची मी तरफदारी करत नाही, पैशांवरून त्यांचं पुढं आर्य समाजातही बिनसलं. पण पूर्वेच्या उंबऱ्यावर पहिलं काय भेटावं तर खुर्च्यांचा हिशेब, हे मला फार आवडतं.

दोघांनी गिरगावात बिऱ्हाड केलं. ऑक्टोबर १८७९ मध्ये तिथून ‘थिऑसॉफिस्ट’ मासिक निघालं. पुढच्या वर्षी सिमल्याच्या एका सहलीत एक कप कमी पडला म्हणून ब्लाव्हॅट्स्कीबाईंनी जमीन खणायला सांगून तिथून कपबशी काढून दाखवली आणि साहेबलोकांत चर्चेचा धुरळा उडाला. १८८२ साली आर्य समाजाशी संबंध तुटला, वर्षअखेर मुक्काम मद्रासजवळच्या अड्यारला हलला. १८८५ साली लंडनच्या एका संशोधन संस्थेच्या हॉजसननं बाईंचे चमत्कार बनावट ठरवणारा अहवाल लिहिला. इथं थांबलं तर गोष्ट भोंदूगिरीची होते, आणि बहुतेक मराठी लेखक इथंच थांबतात. मला गिरगावात जे मराठी लोक या मंडळींभोवती जमले त्यांच्यात जास्त रस आहे.

एक दामोदर मावळणकर. विशीतला कऱ्हाडे ब्राह्मण, अहमदाबादेत वाढलेला, खात्यापित्या घरचा. सोसायटीत शिरला, जात सोडल्याचं जाहीर केलं, जानवं आणि घर दोन्ही सोडून बाईंच्या बिऱ्हाडी राहायला गेला. १८८५ साली, बाई ज्यांच्याविषयी सांगत त्या महात्म्यांच्या शोधात, सिक्कीमच्या वाटेनं तिबेटकडं निघाला आणि परत आला नाही. त्याच्या भोळेपणावर हसणं सोपं आहे. पण त्या काळात जातीतून उठून जायला एका ब्राह्मण मुलाला कुठली जागा होती? ख्रिस्ती व्हायचं, नाहीतर संन्यास घ्यायचा. थिऑसॉफीनं तिसरी जागा दिली, जिथं तो कुणाच्या पंगतीचा बांधील नव्हता.

दुसरे तुकाराम तात्या पडवळ, आणि खरं सांगायचं तर माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे गृहस्थ तेच. जातीनं भंडारी, व्यापारात स्वतःच्या हिमतीवर वर आलेले. १८६१ साली त्यांनी ‘एक हिंदू’ या नावानं ‘जातिभेद विवेकसार’ लिहिलं, जातीला शास्त्राचा आधार नाही हे शास्त्रातूनच दाखवणारं. १८६५ची दुसरी आवृत्ती निघाली तिच्या प्रकाशनात जोतीराव फुल्यांचा हात होता. हाच माणूस १८८० साली थिऑसॉफिस्ट झाला. त्यानं सोसायटीसाठी प्रकाशन निधी उभारला आणि त्यातून पतंजलीची योगसूत्रं इंग्रजी भाषांतरासह छापली, १८९३ साली हठयोगप्रदीपिकाही इंग्रजीत काढली. तुकोबांची गाथा दोन भागांत छापली तीही यांनीच, आणि गरिबांसाठी होमिओपॅथीचा धर्मार्थ दवाखानाही घातला. आज न्यूयॉर्कपासून पुण्यापर्यंत योगाच्या वर्गात ज्या दोन ग्रंथांची नावं घेतली जातात, ते इंग्रजी वाचकाच्या हातात पोचवण्याचं काम एका भंडाऱ्यानं केलं. ब्राह्मणाच्या घरात ज्या पोथीला हात लावायची त्याला मुभा नव्हती, ती त्यानं छापखान्यात नेली.

म्हणून पश्चिमेनं आमचं अध्यात्म ओरबाडलं, ही ओरड मला अर्धवट वाटते. करार, मान, पंगत, सोवळं हे सगळं गाळून टाकणारी चाळणी ज्यांना त्या करारात जागाच नव्हती त्यांच्या उपयोगी पडली. अणदूरच्या करारावर सह्या कोण करतो आणि कोण देवळाबाहेर उभा राहून ऐकतो, हे विचारल्याशिवाय कराराचे गोडवे गाऊ नयेत. मुरळीचंही तेच. टेलरला ती कादंबरीची नायिका वाटली. तिच्या वाट्याला आलेल्या आयुष्याला आळा घालायला कायदे करावे लागले, मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि महाराष्ट्रात पुन्हा २००५ साली.

मग चाळणीवर वरच राहिलेलं गेलं तर काय बिघडलं? याचं उत्तर गिरगावातून चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं. थिऑसॉफिस्टांचं बिऱ्हाड उठल्यावर जवळजवळ शंभर वर्षांनी खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत एका विडीवाल्याच्या माळ्यावर युरोप-अमेरिकेतली माणसं मांडी घालून बसू लागली. मारुती शिवरामपंत कांबळी, १८९७ साली जन्मलेले, मूळचे मालवणकडच्या कांदळगावचे. विडीची दुकानं काढून संसार चालवलेला. संप्रदायातलं नाव निसर्गदत्त महाराज. त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचे, म्हणजे जळकोटकरांना घरचेच. सिद्धरामेश्वरांचे गुरू जत तालुक्यातल्या उमदीचे भाऊसाहेब महाराज, आणि त्यांची परंपरा निंबर्गीच्या लिंगायत महाराजांकडं जाते. गादी विजापूर जिल्ह्यातल्या इंचगिरीला. कानडी-मराठी सरमिसळीच्या या पट्ट्यात देशपांडे, लिंगायत, विडीवाले एका ओळीत बसले. निंबाळचे गुरुदेव रानडे, ऑक्सफर्डच्या पंडितांशी बरोबरीनं बोलणारे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, तेही भाऊसाहेबांचेच शिष्य.

या संप्रदायात दिवसाचं वेळापत्रक आहे. ‘नित्यनेमावली’ नावाची पोथी आहे. काकडारतीपासून शेजारतीपर्यंत मराठी-कानडी भजनं, दासबोधाचं वाचन, गुरूच्या तसबिरीची पूजा. सिद्धरामेश्वर दासबोध हाती घेऊनच निरूपण करत; नुसत्या दीर्घ ध्यानाच्या वाटेला मुंगीची वाट आणि विवेकाच्या वाटेला पक्ष्याची वाट म्हणत, पिपीलिका मार्ग आणि विहंगम मार्ग. निसर्गदत्तांच्या माळ्यावरही हेच चाले. दिवसातून अनेकदा भजन, टाळांचा कल्लोळ, हार, गंध, गुरुपूजा, आणि त्याच खोलीत विडी ओढत तासन्‌तास प्रश्नोत्तरं. देहाआधी तू कोण होतास असं दरडावून विचारणारा माणूस संध्याकाळी गुरूच्या तसबिरीपुढं डोलत टाळ वाजवे. त्यात त्यांना स्वतःला काही विसंगती वाटत नव्हती.

या बोलण्याच्या मराठी ध्वनिफिती मॉरिस फ्रिडमन या पोलिश ज्यू अभियंत्यानं इंग्रजीत आणल्या. फ्रिडमन हा साधासुधा पर्यटक नव्हता. कृष्णमूर्तींच्या वर्तुळात वावरलेला, रमण महर्षींकडं राहिलेला, गांधीजींच्या चरख्यात सुधारणा केलेला, आणि १९३८च्या सुमारास औंधच्या राजाला प्रजेच्या हाती सत्ता द्यायला पटवणाऱ्यांपैकी एक. १९७३ साली मुंबईच्या चेतना प्रकाशनानं ‘आय ॲम दॅट’ छापलं आणि माळ्यावर गर्दी सुरू झाली. पुस्तक उत्तम आहे. पण त्यात फक्त संवाद आहेत. टाळ नाहीत, दासबोध नाही, सकाळची पूजा नाही, विडी वळणाऱ्या पोरांची ये-जा नाही. पुस्तकाला जोडलेल्या टिपणात फ्रिडमननं या वाटेला ‘निसर्गयोग’ असं नाव दिलं आणि ती अगदी सोपी, कुणालाही कुठंही करता येण्याजोगी म्हणून मांडली. महाराजांना त्यात काही गैर वाटलं नसावं, तेही येणाऱ्या परदेशी माणसाला भजन शिक म्हणून सांगत बसत नसत. पण महाराज ८ सप्टेंबर १९८१ रोजी गेले आणि पुढच्या वीस वर्षांत कॅलिफोर्नियापासून जर्मनीपर्यंत जे सत्संग उभे राहिले, त्यांत खुर्चीवर बसलेला एकजण, समोर तिकीट काढून आलेले प्रश्नकर्ते, आणि तू आधीच मुक्त आहेस हे वाक्य, एवढंच उरलं. पक्ष्याची वाट गेली, मुंगी इथंच राहिली.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. चाळणी पश्चिमेचीच का म्हणता? नवससायासांची, अंगात आणणाऱ्यांची, बोकड कापणाऱ्यांची टर आमच्या संतांनीच नाही का उडवली? उडवली, आणि कडक शब्दांत. समर्थांनी तर खोट्या देवांचं हसं केलं. पण ते गाळताना ते त्याच वाटेवर त्याच माणसांबरोबर चालत होते. नवस करणारा आणि नवसाला हसणारा एकाच दिंडीत होते, एकाच विणेकऱ्यामागं. वारीत दिंड्यांचे नंबर लागतात, कुणी कुणाच्या पुढं चालायचं यावरून भांडणं होतात, आणि त्या भांडणांतूनच माऊली पुढं सरकते. संतांची टीका घरातली होती; घर सोडून जायची सोय तिच्यात नव्हती. पर्यायी अध्यात्माचं सगळं आकर्षण मात्र त्या सोयीत आहे. पटलं तर राहा, नाही पटलं तर पुढच्या शिबिराला जा. ही सोय चर्चच्या कोंडवाड्यातून सुटलेल्या युरोपीय माणसाला श्वासासारखी हवी होती. जळकोटच्या म्हातारीला कोंडवाडाच ठाऊक नाही. तिला जे बंधन आहे ते जातीचं, सासरचं, शेताच्या बांधाचं, आणि त्यातून सुटायला ‘आतल्या शांतीचं’ शिबिर तिच्या काही कामाचं नाही.

हे सगळं इतिहासात राहिलं असतं तर मी लिहायलाही बसलो नसतो. चाळलेला माल आता परत आपल्याकडं येतोय. शिकागोचा एक वकील, विल्यम वॉकर ॲटकिन्सन. त्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘योगी रामाचारक’ या नावानं श्वासविद्येवर, हठयोगावर पुस्तकं लिहिली आणि ती खऱ्या हिंदू योग्याची समजून हिंदुस्थानातही वाचली गेली. याच ॲटकिन्सननं १९०६ साली स्वतःच्या नावानं विचारांच्या कंपनांवर आणि आकर्षणाच्या नियमावर पुस्तक लिहिलं. क्विंबी घड्याळजीचा वारसा, योग्याच्या कफनीत. शंभर वर्षांनी, २००६ मध्ये, ‘द सीक्रेट’ आलं, मराठीत ‘रहस्य’ झालं, आणि ‘लॉ ऑफ अट्रॅक्शन’ हे शब्द लातूर-सोलापूरच्या क्लासवाल्या पोरांच्या तोंडी बसले. सात चक्रांचे इंद्रधनुषी रंग आपल्या पूर्वजांचं ज्ञान म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतात. जुन्या तंत्रग्रंथांत चक्रांच्या पाकळ्यांचे रंग त्या क्रमानं नाहीत, तो क्रम १९७०च्या दशकातल्या अमेरिकेत बसवला गेला.

यात नुसती गंमत असती तर हसून सोडलं असतं. पण इज्जतीची वाटणीही यातूनच होते. सोलापुरात वातानुकूलित खोलीत एक बाई डोळे मिटून ‘युनिव्हर्सची एनर्जी’ आपल्यातून वाहते म्हणून सांगते, भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र असतं, फी ऑनलाइन घेतात, आणि तिला हीलर म्हणतात. तुळजापूरच्या पायऱ्यांवर दुसरी बाई तेच सांगते, तिच्यातून देवी बोलते, परडीत लोक मूठभर पीठ आणि दहा रुपये टाकतात, आणि तिला अडाणी म्हणतात. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं अंगात अतींद्रिय शक्ती संचारल्याचं भासवून लोकांना भीती घालणं हा गुन्हा ठरवला. दाभोलकरांच्या खुनानंतर आलेला हा कायदा हवाच होता आणि तो पातळ करायच्या प्रत्येक प्रयत्नाला मी विरोध करीन. पण त्याचा धाक कुणाला वाटतो ते पाहा. आराधीण पोलीस दिसला की परडी झाकते. हीलर बाईंना आपण त्या कायद्याच्या हद्दीत येऊ शकतो अशी शंकाही येत नाही, कारण त्या जे करतात ते त्यांच्या आणि त्यांच्या गिऱ्हाइकांच्या मते अध्यात्म आहे, आणि ती पायऱ्यांवरची बाई जे करते ती अंधश्रद्धा.

दोघींना एकाच मापानं मोजायचं असेल तर मेस्मरच्या समितीनं टाकून दिलेला प्रश्न पुन्हा उचलावा लागेल: समोरच्या माणसाला बरं वाटलं का, कुणाच्या जिवावर, किती पैशांत, आणि बरं नाही वाटलं तर जबाब कोण देणार. शेवटच्या भागात आराधीण सरस ठरते. तिचं खोटं निघालं तर गाव तिला पुढच्या पौर्णिमेला तिथंच गाठतं.